'ज्याचं त्याचं सत्य' म्हणण्याआधी

सत्य सगळ्यांसाठी एकच असतं, की ज्याचं त्याचं वेगळं? प्रश्न मोठा आहे, पण घाबरू नका. सुरुवातीला 'मला वाटतं' आणि 'आहे' यांत गल्लत करू नका, एवढं सांभाळा. नव्यांची फसगत बहुतेक इथेच होते. एकाच खोलीत एकाला थंडी वाजते, दुसऱ्याला उकडतं. दोघंही खरं बोलतात. तापमापकावरचा आकडा मात्र दोघांसाठी एकच.

'सत्य ज्याचं त्याचं' म्हणालात, तर हे वाक्य तरी सगळ्यांसाठी खरं आहे का? 'माणूसच सगळ्याचं माप' म्हणणाऱ्या प्रोटागोरस या ग्रीक विचारवंताला प्लेटोने आपल्या लेखनात असंच अडवलं होतं.

जैन दर्शनातल्या अनेकान्तवादालाही सापेक्षतावाद, म्हणजे 'सत्य ज्याचं त्याचं' हे मत, समजू नका. वस्तूला अनेक बाजू असतात, एवढंच तो म्हणतो.

सत्याचे औपचारिक सिद्धान्त तूर्त राहू द्या. आधी स्वतःची दहा मतं लिहा, आणि प्रत्येकापुढे ते कशाने चूक ठरेल तेही.