१०० ग्रॅम रोझमेरी खाणार कोण?

प्रश्न : मी सध्या म्युनिकला लेकीकडे आहे. इथे टोमॅटोचं सार डब्यातल्या टोमॅटोंचंच होतं. बाल्कनीत रोझमेरीची, म्हणजे स्वयंपाकात वापरायच्या सुवासिक पानांच्या झुडपाची, मोठी कुंडी आहे. जावयांनी मोबाइलवर दाखवलं, की डब्यातल्या १०० ग्रॅम टोमॅटोत ३३ मिलिग्रॅम कॅल्शियम, तर ताज्या रोझमेरीत ३१७! माझी हाडं ठिसूळ झालीत, बीपीची गोळीही चालू आहे. टोमॅटो कमी करून रोझमेरी वाढवू का? डब्यातलं अन्न निःसत्त्वच ना? – एक वाचक, वय ६४

उत्तर : ताई, जावयांचे आकडे बरोबर आहेत, अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यातलेच आहेत. गोम आहे ती १०० ग्रॅममध्ये. तुमचं पत्र वाचून मी माझ्या कुंडीतली वीतभर काडी तोडली, पानं ओरबाडली आणि काट्यावर ठेवली. भरली एक ग्रॅम. म्हणजे कॅल्शियम तीन मिलिग्रॅम. तेवढ्याशा पानांनी चौघांच्या साराला कापरासारखा वास आला, आमच्या ह्यांनी वाटी बाजूला सारली. आणि अर्धा डबा, म्हणजे २०० ग्रॅम टोमॅटो तुम्ही सहज खाता. त्यात कॅल्शियम ६६. कढीपत्त्याचंही असंच आहे. तक्त्यात त्याचं कॅल्शियम सहाशेच्या वर, आणि पानं मात्र ताटाच्या कडेला!

डब्याला नावं ठेवू नका. टोमॅटो मऊ पडू नयेत म्हणून त्यात बऱ्याचदा कॅल्शियम क्लोराइड घालतात, त्यामुळे कॅल्शियम ताज्या टोमॅटोपेक्षा उलट जास्तच भरतं. क जीवनसत्त्व उष्णतेने थोडं घटतं, हे खरं. पण लायकोपिन, म्हणजे टोमॅटोचा लाल रंग, शिजवल्यावर आणि तेला-तुपाच्या फोडणीसोबत अंगी जास्त लागतं. रोझमेरीत ते नाहीच.

तुम्ही जपायचं ते मिठाला. मीठ घातलेल्या डब्यात १०० ग्रॅमला सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम निघतं. बिनमिठाच्या डब्यात दहाच्या आसपास. तिकडच्या लेबलावर सोडियम लिहीत नाहीत, मीठ लिहितात. जर्मनमध्ये त्याला ‘झाल्त्स’ म्हणतात, लेकीला ती ओळ शोधायला सांगा. मिठाच्या आकड्याला अडीचने भागलं की सोडियम. १०० ग्रॅममागे मीठ ०.१ ग्रॅमच्या आत असेल तो डबा घ्या, सारात मीठ मग तुमच्या हातचं, बेताचं.

आता हाडं. तुमच्या वयाला रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. ते टोमॅटोतून नाही यायचं आणि रोझमेरीतून तर नाहीच. दूध-दही दोन वेळा घ्या, तिळाची चटणी करा (तीळ बिनपॉलिशचे), आणि इथून कुणी येणार असेल तर नाचणीचं पीठ मागवा. ड जीवनसत्त्व तपासून घ्या. म्युनिकच्या हिवाळ्यात ऊन कुठलं मिळायला!

कुंडीचं काय करायचं? बटाट्याच्या काचऱ्या परतताना चार पानं टाका. छान लागतात, मी करते.