फ्रेंच गाड्या चालवायला शौकिनांना एवढ्या का आवडतात?

मुख्य कारण सस्पेन्शन, म्हणजे चाकं आणि गाडी यांच्यामधली धक्के झेलणारी रचना. मऊ असूनही गाडी वळणावर रस्ता सोडत नाही, हे फ्रेंचांनी फार लवकर साधलं.

१९५५ च्या सिट्रोएन डीएसमध्ये स्टीलच्या स्प्रिंगऐवजी प्रत्येक चाकाला नायट्रोजन भरलेला गोळा आहे. वजन वाढलं तरी उंची तीच राहते. गोळ्यात वायू आणि तेल वेगळं ठेवणाऱ्या रबरी पडद्यातून वायू हळूहळू झिरपतो. गाडी दगडासारखी आदळू लागली की गोळे बदला किंवा भरून घ्या. तेल मात्र नीट पाहून घाला. जुन्या डीएसला लाल एलएचएस, १९६६ नंतरच्या बहुतेक गाड्यांना हिरवं एलएचएम लागतं. अदलाबदल झाली तर सगळी रबरी सीलं खराब होतात.

प्यूजो २०५ जीटीआय (१९८४) ची मजा वेगळी. हलकी गाडी, बोलकं स्टीअरिंग. पण वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडू नका, मागची बाजू बाहेर फेकली जाते. घेताना मागून बघा: चाकं वरच्या बाजूला आत झुकलेली असतील तर मागच्या ॲक्सलचे नीडल बेअरिंग (बारीक सुयांसारख्या रोलरचे) झिजलेत, आणि ते काम खर्चिक आहे.

मागच्या ॲक्सलची हीच ठेवण असलेली प्यूजो ३०९ नव्वदच्या दशकात आपल्या कल्याणजवळ बनत होती.