हात घातला की फुसफुसणारा कॉकाटील माणसाळवायचा कसा?

तुमचा प्रश्न वाचला. कॉकाटील म्हणजे तुरेवाला लहान पोपट आणून तीन आठवडे झालेत, हात आत घातला की तुरा पाडून फुसफुसतो, दोनदा चावला, रक्त आलं, तुम्ही दुसऱ्या खोलीत गेलात की ओरडतो, दुकानदार तर म्हणाला होता की एकदम माणसाळलेला आहे, आणि आता तुम्ही विचारताय की हातमोजे घालून रोज पकडलं तर सवय होईल का, पंख कापावेत का आणि नाहीच जमलं तर जोडीला दुसरा आणावा का.

बाकीचं सावकाश वाचा पण हातमोज्यांचं आजच डोक्यातून काढा प्लीज. माझ्याकडे नऊ वर्षांपासून एक कॉकाटील आहे, राखाडी रंगाची, गालावर केशरी ठिपका म्हणून नाव टिकली. सुरुवातीच्या महिन्यात पाहुण्यांना दाखवायला म्हणून मी तिला टॉवेलमध्ये धरून बाहेर काढलं होतं, फक्त एकदा. त्याआधी ती माझ्या बोटातून दाणे घ्यायला लागली होती, त्यानंतर जवळजवळ पाच आठवडे मी पिंजऱ्याजवळ गेले तरी मागच्या कोपऱ्यात जाऊन चिकटून बसायची. त्या पाच आठवड्यांचं मला आजही वाईट वाटतं.

हे असं का होतं ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा पक्षी, थव्याने राहणारा, जमिनीवर उतरून गवताचं बी खाणारा, वजन जेमतेम ८० ते १०० ग्रॅम. कॉकाटू म्हणजे तुरेवाल्या पोपटांच्या कुळातला असला तरी त्या कुळातला सगळ्यात लहान. म्हणजे याला खाणारे भरपूर आणि ते बहुतेक वरून झडप घालणारे. डोळे दोन्ही बाजूंना आहेत ते त्यासाठीच, सतत सगळीकडे लक्ष. आता अशा जिवाच्या पिंजऱ्यात वरच्या दारातून पाच बोटांचा हात खाली येतो तेव्हा त्याला काय वाटत असेल? तुम्ही प्रेमानेच हात घालताय हो, पण त्याला तो ससाणाच वाटतो.

आणि फुसफुसणं म्हणजे राग नाही, ती विनंती आहे. तो सांगतोय की पुढे येऊ नका. ते ऐकून आपण थांबलो, हात हळूच मागे घेतला तर त्याला कळतं की या माणसाला माझं बोलणं समजतं. न ऐकता हात तसाच पुढे नेला तर तो चावतो, चावल्यावर हात मागे जातो, आणि मग तो शिकतो की फुसफुसण्याचा काही उपयोग नाही, सरळ चावायचं. बरेच लोक म्हणतात ना की माझा पक्षी काही कारण नसताना चावतो, त्यातल्या बहुतेकांनी आधीच्या दहा सूचना पाहिलेल्याच नसतात. माझ्या मते कॉकाटीलशी मैत्री म्हणजे निम्म्याहून जास्त हेच, त्याचं नाही ऐकायला शिकणं.

त्याचं बरंचसं बोलणं तुऱ्यातून होतं. तुरा ताठ उभा, मान लांब, अंग बारीक केलेलं म्हणजे दचकलाय किंवा काहीतरी नवीन दिसलंय. तुरा डोक्याला सपाट चिकटलेला, चोच उघडी आणि अंग पुढे झुकलेलं म्हणजे थांबा, हात बाहेर. तुरा अर्धवट खाली, टोक जरासं वर वळलेलं, पिसं थोडी सैल, एक पाय पोटाशी घेतलेला म्हणजे निवांत आहे. आणि संध्याकाळी चोच घासल्याचा बारीक करकर आवाज आला तर घाबरू नका, झोपेच्या आधी खुशीत असले की करतात ते. टिकलीचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं काहीतरी दुखतंय तिला.

आता काय करायचं. पिंजरा अशा खोलीत ठेवा जिथे माणसांचा वावर आहे पण सारखी ये-जा, दार आपटणं नाही, आणि त्याची एक बाजू भिंतीला टेकलेली हवी, चारी बाजूंनी उघडा असला की पक्ष्याला पाठ सुरक्षित वाटत नाही. मग पुढचे काही दिवस आत हात फक्त पाणी, दाणे आणि कागद बदलायला, तोही खालून, हळू, बोलत बोलत. बाकी वेळ तुम्ही फक्त शेजारी बसायचं. मी रोज अर्धा तास तिच्याकडे तिरकी पाठ करून बसायचे आणि जे काही वाचत असेन ते मोठ्याने वाचायचे, टक लावून बघायचं नाही, कारण समोरून रोखून बघतो तो शिकारी.

मग मिलेट स्प्रे म्हणजे राळ्याचं अख्खं कणीस येतं ना ते आणा आणि ते पिंजऱ्यात टांगून ठेवू नका, ते फक्त तुमच्याच हातून मिळायला हवं. नेहमीचे दाणे वाटीत असू द्या, उपाशी ठेवून माणसाळवायचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका, एवढ्याशा जिवाला ते झेपत नाही. आधी गजातून लांब टोक द्यायचं, नंतर रोज थोडं आखूड धरायचं, मग उघड्या दारात, मग तळहातावर. प्रत्येक वेळी तुऱ्याकडे बघा, तुरा सपाट झाला की कालच्या अंतरावर परत या. दिवसातून दोन-तीनदा, पाच-पाच मिनिटं बास.

टिकली पहिल्यांदा हातावर आली तो दिवस मला लख्ख आठवतो. मी दारात तळहात उघडा धरून बसलेले, कणीस मनगटाच्या बाजूला ठेवलेलं म्हणजे तिथपर्यंत यायला बोटांवरून चालावंच लागेल. ती दांडीच्या टोकापर्यंत आली, मान लांब केली, मागे गेली, परत आली, असं सात-आठ वेळा तरी. मग एक पाय माझ्या बोटावर ठेवला आणि तशीच थांबली, नुसता दाब देऊन बघत होती की हे हलतं का. माझा हात आखडून आला होता पण मी श्वाससुद्धा हळू घेत होते. दुसरा पाय आला. नखं बारीक टोचत होती आणि पाय गरम होते, पक्ष्याचे पाय इतके गरम असतात हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. चार दाणे खाल्ले आणि परत गेली. मी तिला थांबवलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती दोन मिनिटांत आली. जायची मोकळीक होती म्हणूनच ती परत आली असं माझं ठाम मत आहे.

हातावर यायला लागला की लगेच कुरवाळायला जाऊ नका, त्याला वेळ लागतो. मान खाली करून डोकं पुढे केलं की समजायचं परवानगी आहे. मग गालाजवळ, कानाच्या मागे, तुऱ्याच्या मुळाशी एका बोटाने, हलकं, पिसांच्या उलट दिशेने. पिसं गळून नवीन येतात तेव्हा डोक्यावर बारीक काट्यांसारखी कवचं दिसतात, तिथे त्याची स्वतःची चोच पोचत नाही म्हणून त्याला आपलं बोट हवं असतं, पण कवच कच्चं असलं तर दुखतं, चिमटीत दाबू नका. पाठीवरून, पंखांखालून, शेपटीजवळ मात्र हात फिरवायचा नाही. तो स्पर्श त्यांना जोडीदाराचा वाटतो. मी दोन वर्षं पाठीवरून हात फिरवत होते, टिकलीने लागोपाठ अंडी घालायला सुरुवात केली, माद्या नर नसतानाही घालतात, आणि अंगातलं कॅल्शियम कमी होत जातं. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी सांगितल्यावर मी तो स्पर्श बंद केला, अंधारे कोपरे आणि खोकी काढून टाकली, झोप बारा तासांची केली, कॅल्शियमसाठी समुद्रफेण कायम लावून ठेवला, तेव्हा हळूहळू थांबलं. अंडं घातलंच तर लगेच उचलू नका, उचललं की ती भरपाईला आणखी घालते. आणि मादी फुगून तळाशी बसली, जोर लावतेय पण अंडं येत नाही असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच क्षणी डॉक्टर.

तुम्ही दुसऱ्या खोलीत गेलात की ओरडतो असं लिहिलंय ना, ते वाचून मला उलट आनंद झाला! थव्यातले पक्षी एकमेकांना दिसेनासे झाले की हाक मारतात, तू आहेस का, आणि समोरून उत्तर आलं की शांत होतात. म्हणजे तुम्हाला त्याने थव्यात घेतलंय, फक्त हाताची भीती उरलीय. एक छोटी शीळ ठरवा आणि त्याने हाक मारली की लांबूनच तीच शीळ द्या. हळूहळू तोच तुमची शीळ उचलेल, नर असेल तर शक्यता जास्त, नर शिट्ट्या वाजवण्यात पटाईत असतात. पण कर्कश किंचाळल्यावर धावत जाऊ नका, नाहीतर किंचाळलं की माणूस येतो हेच पक्कं होईल.

रात्रीचं एक महत्त्वाचं, कारण हे आधी कोणी सांगत नाही. कॉकाटील अंधारात अचानक दचकतात आणि पिंजऱ्यात वेड्यासारखे फडफडतात. टिकलीला पहिल्यांदा झालं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, लाइट लावला तर पिंजऱ्याच्या तळाशी पिसं आणि रक्ताचे थेंब, नव्याने येणारं एक पीस तुटलं होतं, अशा पिसात रक्त असतं. तेव्हापासून रात्री मंद दिवा असतो आणि पिंजरा पूर्ण झाकत नाही, एक बाजू उघडी असते. असं झालं तर आधी लाइट लावा, लांबून बोलत राहा, लगेच पकडायला जाऊ नका. रक्त येतच असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि दवाखाना गाठा.

खाण्याचं थोडक्यात. नुसत्या बिया आणि त्यातही सूर्यफूल हे म्हणजे रोज तळलेलं खाण्यासारखं, लिव्हरला चरबी धरते आणि अ जीवनसत्त्व कमी पडतं. पेलेट्स म्हणजे पक्ष्यांचं गोळ्यांसारखं तयार खाद्य, गाजर, ब्रोकोली, हिरव्या पालेभाज्या हळूहळू मिसळत न्या, आठवडेच्या आठवडे लागतात, आणि बिया एकदम बंद करू नका. अव्होकाडो, चॉकलेट, कॉफी, कांदा, दारू, खारट पदार्थ कधीच नाही. नॉनस्टिक भांडं जास्त तापलं तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो, आपल्याला वाससुद्धा येत नाही, म्हणून माझ्या घरात नॉनस्टिक ठेवतच नाही. धूर, स्प्रे, सुगंधी मेणबत्त्या पण नकोत. आणि स्वयंपाकघरातला ग्रॅमचा डिजिटल काटा पक्ष्यासाठी वेगळा घ्या, दर आठवड्याला वजन लिहा. हे पक्षी आजार लपवतात, दिसायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो, वजन मात्र आधी सांगतं. शंभर ग्रॅमच्या पक्ष्याचे दहा ग्रॅम गेले तर ते खूप आहे. श्वास घेताना शेपटी वरखाली होत असेल तरी वाट बघू नका, डॉक्टरांकडे न्या.

पंख कापण्याबद्दल माझं मत नाही असंच आहे. पळता येत नाही म्हणून जवळ बसलेला पक्षी माणसाळलेला नसतो, त्यात उडता न आल्याने आपटून छातीला लागतं ते वेगळं. त्याऐवजी बाहेर काढायच्या आधी खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा बंद, आरसा झाकलेला, गॅस बंद एवढं रोज न चुकता बघा.

दुसरा पक्षी आणायचा तर एकटा राहू नये म्हणून आणा, तुम्ही दिवसभर घराबाहेर असाल तर तो विचार योग्यच आहे. पण पहिल्याला माणसाळवायला दुसरा आणू नका, ते दोघं एकमेकांत रमतील आणि तुमचा हात दोघांनाही परका राहील. आणलाच तर वेगळ्या खोलीत, वेगळ्या पिंजऱ्यात निदान तीस दिवस आणि डॉक्टरांना दाखवूनच जवळ. मी असते तर आधी दोन-तीन महिने याच्याबरोबरच घालवले असते. उद्या सकाळी दाणे घालताना हात खालून न्या, फुसफुसला की तिथेच थांबा, दोन श्वास मोजा आणि हळू बाहेर घ्या. पंधरा दिवसांनी तुरा कसा दिसतोय ते इथे कमेंटमध्ये सांगा, आणि चावण्याच्या आधी नेमकं काय झालं होतं ते आठवून लिहिलंत तर मला अजून नीट सांगता येईल.