वळीव थांबतच नाही, परसबागेतला भाजीपाला कसा वाचवायचा?

तुम्ही लिहिलंय त्याचा मथितार्थ असा: कोल्हापुरात घरामागे वीस बाय तीस फुटांची काळ्या मातीची परसबाग, एप्रिलपासून वळीव लागलाय तो उघडायचं नाव घेत नाही, टोमॅटो-मिरची पिवळी पडली, नवी रोपं कोलमडतात, गोगलगायी उदंड झाल्यात, तर फवारायचं काय?

फवारणीचं नंतर बघू. तुमच्या बागेतली निम्मी दुखणी बुरशीआधी मातीतल्या कोंडलेल्या पाण्यानं सुरू झालेली असणार. मातीतल्या पोकळ्यांत पाणी भरलं की हवा संपते, मुळं गुदमरतात आणि पायाशी पाणी असूनही झाड दुपारी माना टाकतं. ते बघून माणूस आणखी पाणी घालतो, नाहीतर युरिया टाकतो. दोन्हीनं नुकसानच.

म्हणून पहिलं पथ्य: वाफसा, म्हणजे माती ओलसर पण कामाजोगी मोकळी, येईपर्यंत वाफ्यात पाय ठेवायचा नाही आणि खुरपंही लावायचं नाही. काळी माती ओली असताना तुडवली की तिचं पाटा-वरवंट्यासारखं ढेकूळ होतं आणि पुढचे कित्येक महिने त्यात मूळ शिरत नाही. वाफसा ओळखायला चार इंच खोलीवरची मूठभर माती घ्या, आवळून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. गोळा पडून फुटला तर काम करा; चपटा होऊन बसला किंवा हाताला चिकटला तर थांबा. वाफ्यात जाणं अगदीच भाग असेल तर एक फळी टाकून तिच्यावर उभे राहा, म्हणजे भार पसरतो.

आता निचरा. बागेत एका कोपऱ्यात फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि मग तासाला पाणी किती उतरतं ते पट्टीनं मोजा. इंचभर किंवा जास्त उतरलं तर माती ठीक आहे, अडचण उताराची असेल. अर्धा इंचही उतरत नसेल तर सपाट वाफ्यात पावसाळी भाजीचा नाद सोडा, गादीवाफे करा.

गादीवाफा तीन फूट रुंद आणि नऊ ते बारा इंच उंच ठेवा. तीन फुटांहून रुंद केला तर मधल्या झाडापर्यंत हात पोचत नाही आणि शेवटी पाय आत जातोच. दोन वाफ्यांमध्ये फूटभर रुंदीचा चर काढा. चरातलीच माती वाफ्यावर चढते. चराला दर दहा फुटांना साधारण सव्वा इंच उतार द्या आणि शेवट मोकळा सोडा. इथंच बहुतेकांचं गणित चुकतं: चर छान काढतात, पण तो कंपाउंडच्या भिंतीला जाऊन थांबतो. पाणी बाहेर जायला वाट नसेल तर चर म्हणजे लांबट डबकं. भिंतीच्या पायथ्याला दीड-दोन इंची पाइपचा तुकडा बसवा, किंवा बागेच्या सर्वांत खालच्या टोकाला शोषखड्डा घ्या. आणि पागोळ्या! छपराचं पाणी कुठं पडतंय ते एका जोरदार सरीत छत्री घेऊन बघून या. हजार चौरस फुटांच्या छपरावर इंचभर पाऊस झाला की तेवीसशे लिटरच्या वर पाणी खाली येतं. ते वाफ्यात उतरत असेल तर पन्हळ लावल्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ आहे.

काळ्या मातीत वाळू मिसळायचा सल्ला तुम्हाला दहाजण देतील. दोन-चार पाट्या वाळूनं काही साधत नाही. चिकणमातीत ती रुतून बसते आणि माती उलट घट्ट होते. त्यापेक्षा पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, चौरस मीटरला दोन ते तीन किलो, वरच्या सहा इंचांत मिसळा. आपल्याकडे साखर कारखान्यांची मळी (रस गाळून उरलेला गाळ, प्रेसमड) सहज मिळते, पण कच्ची वापरू नका. ती कुजताना तापते आणि मुळं भाजतात. हातात घेतल्यावर गार, भुसभुशीत आणि आंबूस वास नसलेली असेल तरच चालेल. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, गगनबावड्याकडच्या तांबड्या मातीचं दुखणं उलटं आहे. तिथं पाणी उभं राहत नाही, पण खत धुऊन जातं. तिथं खत एकदम न घालता दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं द्या.

पिवळेपणाचं कारण मात्र झाडागणिक तपासा. सर्वांत वाईट दिसणारं एक झाड मुळासकट उपटा. मुळं पांढरी आणि ताठ असतील, फक्त खालची जुनी पानं पिवळी असतील, तर नत्र वाहून गेलंय. लिटरला ५ ग्रॅम युरिया किंवा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) विरघळवून उघडीप मिळेल त्या संध्याकाळी पानांवर फवारा. गुदमरलेल्या मुळांना जमिनीतून दिलेलं खत उचलता येत नाही, पानांतून थोडंफार जातं. मुळं तपकिरी, वरची साल बोटानं सरकून येणारी आणि कुबट वासाची असतील तर ती मूळकूज. ते झाड गेलं, शेजारची वाचवा. आणि झाड हिरवंगार असतानाच एका दिवसात मलूल झालं तर खोड जमिनीलगत कापून, त्याचा तुकडा काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात टांगून धरा. पाच-दहा मिनिटांत दुधासारखी पांढरी धार खाली सुटली तर तो जिवाणूजन्य मर रोग. त्यावर औषध नाही. झाड मातीसकट काढून बागेबाहेर टाका, कंपोस्टमध्ये नको, आणि त्या जागी निदान दोन-तीन वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची, ढबू, बटाटा काही लावू नका.

रोपं कोलमडणं हा दाटीनं आणि ओलीनं फोफावणारा बुरशीचा रोग आहे. या हवेत वाफ्यात बी फोकून रोपं करूच नका. प्लॅस्टिकचा ट्रे किंवा भोकं पाडलेले कागदी कप घ्या, कोकोपीट आणि चाळलेलं कंपोस्ट निम्मं-निम्मं भरा, बी अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा खोल घालू नका आणि ट्रे पडवीत, उजेड येईल पण पाऊस लागणार नाही असा ठेवा. पेरण्याआधी बियाला किलोला ५ ग्रॅम या मापानं ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) चोळा. घरच्या पाकिटाला चिमूटभर पुरते. पाणी सकाळी, तेही वरचा थर सुकल्यावरच. टोमॅटोचं रोप चार आठवड्यांत लावायला येतं, मिरचीला पाच-सहा लागतात. तोवर बाहेर वाफसा येतो, म्हणजे वेळही वाया जात नाही.

करपा आणि पानांवरचे डाग मुख्यत्वे शिंतोड्यांनी चढतात. थेंब मातीवर आपटतो आणि बुरशीचे बीजाणू खालच्या पानांवर उडतात. म्हणून टोमॅटोची जमिनीपासून फूटभरातली पानं काढून टाका, झाड बांबूला बांधा, दोन झाडांत दोन फूट अंतर ठेवा आणि मातीवर उसाच्या पाचटाचं दोन इंच आच्छादन द्या. पाचट खोडापासून तीन-चार बोटं लांब असू द्या, नाहीतर बुंधा कुजतो. झाड ओलं असताना तोडणी, छाटणी, बांधणी काहीही करू नका. रोग तुमच्याच हातानं सगळ्या बागेत फिरतो.

आता फवारणी. घरच्या बागेला मला बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक, पसंत आहे, कारण ते पावसात टिकतं. कोवळ्या भाजीपाल्याला एक टक्क्याचं मिश्रण ढगाळ हवेत पानं भाजू शकतं, म्हणून अर्धा टक्का करा: ५० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) ५ लिटर पाण्यात, ५० ग्रॅम चांगला कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या बादल्यांत. चुना विरला आणि गार झाला की गाळून घ्या, मग दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओता आणि काठीनं ढवळा. घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी चुन्याची निवळी घाला. चुना जुना, हवेत फुललेला असला की हमखास असं होतं. मिश्रण त्याच दिवशी संपवा, फवारल्यावर निदान तीन-चार तास उघडीप हवी. एवढी खटपट नको असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम, सोबत स्टिकर (औषध पानाला चिकटवून ठेवणारं द्रव) अर्धा ते एक मिली. लेबलवर काढणीआधी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं, ते पाळा. ताम्रयुक्त औषध आणि ट्रायकोडर्मा एकाच वेळी नको. तांबं ट्रायकोडर्मालाही मारतं. वळवात गारा झाल्या तर मात्र वाट न बघता उघडीप मिळताच फवारा, फाटलेल्या पानांतून आणि फळांवरच्या जखमांतून रोग शिरतो.

गोगलगायींसाठी मीठ मातीत टाकू नका, माती बिघडते. अंधार पडताना गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून वाफ्यांच्या कडेला ठिकठिकाणी पसरा. गूळ आपल्याकडे कमी नाही, पण यासाठी काळपट, स्वस्तातला घ्या. पहाटे गोणपाट उलटा, खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा करा आणि मिठाच्या दाट पाण्याच्या बादलीत बुडवा. असं आठ-दहा दिवस सलग केलं तर फरक दिसतो; एक दिवसाआड केलं तर नाही. चुन्याचा पट्टा कोरडा असेपर्यंतच त्यांना अडवतो, त्यामुळे अशा पावसात त्याच्यावर विसंबू नका. आच्छादनाखाली त्या लपतात हे खरं, म्हणून प्रादुर्भाव जोरात असेल तर पाचट तेवढे दिवस बाजूला ओढून ठेवा. मेटाल्डिहाइडच्या (गोगलगायींसाठीचं विष) गोळ्या मिळतात, पण घरात कुत्रं-मांजर किंवा लहान मूल असेल तर मी त्या वापरणार नाही.

वेलांना फुलं येतात पण फळ धरत नाही, ही तक्रार तुमच्याकडे अजून नसेल तर येईल. पावसात मधमाश्या फिरत नाहीत आणि पराग भिजून निकामी होतात. हातानं परागीभवन करा: नर फुलाच्या पाकळ्या काढा आणि पुंकेसर मादी फुलाच्या मधल्या भागाला हलकेच फिरवा, मादी फुलाच्या मागं इवलंसं फळ असतं. वेळ महत्त्वाची आहे. काकडी, कारली, लाल भोपळा सकाळी फुलतात. दोडका आणि दुधी संध्याकाळी. सकाळी उठून दोडक्याशी खटपट करण्यात अर्थ नाही. पाऊस येणार असं दिसलं तर उद्या उमलणारी नर-मादी कळी आदल्या दिवशीच कागदाच्या पुडीत झाका.

प्लॅस्टिकचं छप्पर घालायचं तर फक्त टोमॅटो-ढबूच्या वाफ्यावर घाला: अर्ध्या इंची पाइपच्या कमानी, वर २०० मायक्रॉनचा कागद, दोन्ही टोकं आणि बाजू खालून दीड फूट उघड्या. चहूकडून बंद केलंत तर आत दमट भट्टी होते आणि करपा आणखी वाढतो. हिरवी शेडनेट पाऊस अडवत नाही. आभाळ भरलेलं असताना ती फक्त उजेड खाते, काढून ठेवा.

२०२५ साली मान्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोचला, वळीव आणि मान्सूनमध्ये उसंतच राहिली नाही. अशा वर्षी मृगाची वाट बघत बसू नका. गादीवाफे तयार असतील तर रोहिणीतच मांडवाचे वेल, म्हणजे दोडका, कारली, पडवळ, काकडी लावून टाका. पोकळा, तांबडा माठ, अंबाडी, चवळी, भेंडी गादीवर चांगली येतात. अळूला तर चराच्या खालच्या टोकाचं ओल धरणारा कोपरा द्या. मेथी-कोथमिरीचं बी आता जमिनीत घालू नका, सडेल. हवीच असेल तर पडवीतल्या कुंडीत. गवारीला ओले पाय अजिबात सोसत नाहीत, ती सोडाच.

कांदा अजून जमिनीत असेल तर पात पडायची वाट न बघता पहिल्या उघडिपीत काढा, धुऊ नका, पात न कापता पडवीत एकेरी थरात पसरून वारा लागू द्या. मान जाड राहिलेले कांदे वेगळे काढून आधी खाऊन टाका, ते टिकत नाहीत.