चॅटनूगाला थांबावं का, आणि किती वेळ?

अटलांटाहून नॅशव्हिलला गाडीने जाताना वाटेत चॅटनूगा लागतं, तिथे थांबण्यासारखं काही आहे का, असं तुम्ही विचारलंय. नक्की थांबा, आणि जमल्यास एक रात्र मुक्काम करा. दोन तासांत फक्त मत्स्यालय बघून लोक पुढे जातात आणि शहर त्यांना कळतच नाही.

टेनेसी राज्यातल्या या शहराची वस्ती जेमतेम 1 लाख 80 हजार. पण डोंगररांगा फोडून टेनेसी नदी इथून वाट काढते, त्यामुळे या भागात ये-जा करायची तर हीच खिंड. नदीकाठचा रॉसेस लँडिंग हा चेरोकी या मूळनिवासी अमेरिकन जमातीचे पुढारी जॉन रॉस यांचा होड्यांचा धक्का. 1838 मध्ये चेरोकी लोकांच्या काही तुकड्यांना इथूनच होड्यांत बसवून पश्चिमेला हाकललं गेलं. 1850 च्या दशकात अटलांटा आणि नॅशव्हिलकडचे लोहमार्ग इथे येऊन मिळाले. म्हणूनच 1863 मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धातली उत्तर आणि दक्षिण अशी दोन्ही सैन्यं या गावासाठी झुंजली. सप्टेंबरात चिकमॉगाला उत्तरेचा पराभव झाला, पण नोव्हेंबरात मिशनरी रिज हा शहरालगतचा डोंगरकणा जिंकून उत्तरेच्या सैन्याने शहर राखलं आणि पुढच्या वर्षी अटलांटावरची मोहीम इथूनच निघाली.

त्याच डोंगरांनी पुढे कारखान्यांचा धूरही कोंडून धरला. 1969 मध्ये हवेतल्या धूलिकणांच्या बाबतीत हे देशातलं सर्वांत वाईट शहर ठरलं होतं. आजचा स्वच्छ नदीकाठ बघताना हे लक्षात असू द्या. इतकं पालटलेलं दुसरं शहर सहज सापडणार नाही.

सकाळी आधी लुकआउट माउंटनवर जा. पायथ्याच्या सेंट एल्मो भागातून 1895 पासून चालणारी इनक्लाइन रेल्वे, म्हणजे उभ्या चढावरची आगगाडी, वर नेते. शेवटचा चढ 72.7 टक्के आहे. वरच्या स्टेशनपासून पॉइंट पार्क पाच-सात मिनिटांच्या चालीवर. तिथून नदीचं वळण आणि खालचे रस्ते एका नजरेत दिसतात, लढाई कशासाठी झाली ते नकाशाशिवाय समजतं. धुकं असेल तर मात्र हा कार्यक्रम दुपारवर ढकला. मग मत्स्यालय, आणि शेजारीच चेरोकींच्या स्मरणार्थ बांधलेला ‘द पॅसेज’ हा पायऱ्यांचा मार्ग. तो चुकवू नका. संध्याकाळी 1891 च्या वॉलनट स्ट्रीट पुलावरून पलीकडे चालत जा. सुमारे 720 मीटर लांबीचा हा पूल 1993 पासून फक्त पादचाऱ्यांचा आहे. गाडी एकदाच लावा. मध्यवर्ती भागात मोफत विजेच्या बस फिरतात. युद्धात रस असेल तर चिकमॉगाच्या रणभूमीसाठी वेगळा अर्धा दिवस काढा. ती दक्षिणेला, जॉर्जियाच्या हद्दीत आहे.

आगगाडीने येण्याचा विचार मात्र सोडा. 1909 चं टर्मिनल स्टेशन दिमाखात उभं आहे, पण 1970 नंतर तिथे प्रवासी गाडी आलेली नाही.

अटलांटा सुमारे 190 किलोमीटर, नॅशव्हिल 215. निघताना सकाळी 7 ते 9 आणि दुपारी 4 ते 6 या वेळा टाळा. आय-24 महामार्ग एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला डोंगर अशा चिंचोळ्या पट्टीतून जातो, एक अपघात झाला की रांग लागते, आणि जवळ सोयीचा पर्यायी रस्ता नाही. पुढे माँटईगलचा घाट आहे. अवजड ट्रक तिथे अगदी हळू चढतात, तेव्हा डावी लेन फक्त त्यांना ओलांडण्यासाठी वापरा. नॅशव्हिलचं घड्याळ चॅटनूगापेक्षा एक तास मागे आहे. जाताना तो तास मिळतो, परतताना जातो, म्हणून परतीचं विमान अटलांटाहून असेल तर हिशेब आधीच करून ठेवा.