रबराच्या चिकाला जाणार असशील तर

खानापुरातून चोर्ला घाट उतरून दोडामार्गच्या रबराच्या बागेत कामाला निघालायस, तर पोरा, आधी एवढं ऐक. साल पहाटे कापतात, तेव्हा चीक जास्त वाहतो. म्हणजे तू अंधारात पाचोळा तुडवत फिरणार. गुडघ्यापर्यंत गमबूट आणि डोक्याला बॅटरी, दोन्ही असल्याशिवाय बागेत शिरू नकोस. घोणस, फुरसं पाचोळ्यातच पडून असतात. चावलंच तर पाय हलवायचा नाही, दोरी आवळायची नाही, मांत्रिकाकडे तर मुळीच जायचं नाही. सरळ सरकारी दवाखाना गाठ.

चीक गोठवून रबराचं शीट करायला त्यात फॉर्मिक अ‍ॅसिड घालतात. माझी खरी काळजी तिथंच आहे, कारण सगळे घाईत हात उघडेच ठेवतात. पातळ करताना अ‍ॅसिड पाण्यात हळूहळू ओत, पाणी अ‍ॅसिडात कधीच नाही. रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच. डोळ्यात उडालं तर निदान वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धर, मग डॉक्टर. चीक गोठू नये म्हणून वापरतात त्या अमोनियाचा कॅन बंद खोलीत उघडू नकोस.

पावसाळ्यात काम बंद असलं की चीक धरायला झाडाला लावलेल्या वाट्या उपड्या कर, डास तिथंच वाढतात. आणि बूट-हातमोजे मालकाकडे पहिल्याच दिवशी माग. लाजू नकोस.