नेम आणि नियम

प्रश्न असा आला आहे: ख्रिस्ती मठांपासून प्रेरणा घेऊन, पण घरदार आणि नोकरी न सोडता, प्रार्थना, मौन, वाचन आणि काम यांची रोजची घडी पाळणारी माणसं असतात. त्यांच्याविषयी मराठीत लिहिताना, या घडीला इंग्रजीत जे 'रूल ऑफ लाइफ' म्हणतात, त्याला 'जीवन-नियम' म्हणावं का? आणि अशा माणसाला 'गृहस्थ संन्यासी' म्हटलं तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते ठाम आहे. नका म्हणू. संन्यास ही आपल्याकडे नुसती वृत्ती नाही, तो एक विधी आहे. घेणारा जिवंतपणी स्वतःचं श्राद्ध करतो, अग्नी सोडतो, शेंडी-जानवं टाकतो, आणि परत फिरायची वाट ठेवत नाही. विठ्ठलपंत संन्यास घेऊन गुरूच्या आज्ञेने पुन्हा संसारात आले, तर ज्ञानदेवांसह चारही भावंडांना 'संन्याशाची पोरं' म्हणून वाळीत पडावं लागलं, अशी कथा महाराष्ट्राला पाठ आहे. ज्या भाषेत ही कथा आहे, तिच्यात 'गृहस्थ संन्यासी' हा जोडशब्द कानाला सरळ लागत नाही. शिवाय तुम्ही ज्यांच्याविषयी लिहिताय त्यांनी काही टाकलेलंच नाही. त्यांनी काहीतरी धरलंय.

आणि 'धरणे' या क्रियापदाशी मराठीत जो शब्द आपोआप जाऊन बसतो, तोच तुम्हाला हवा आहे: नेम.

नेम आणि नियम हे मुळात एकच. संस्कृतातल्या 'नियम' शब्दात आवरण्याचा, लगाम घालण्याचा अर्थ आहे. तो मराठीत दोन वाटांनी आला. एकदा प्राकृतातून, लोकांच्या तोंडी झिजत झिजत, 'नेम' होऊन. आणि पुन्हा एकदा पोथीतून, जसाच्या तसा. मग दोघांनी कामं वाटून घेतली. वाहतुकीचे नियम असतात, सोसायटीचे नियम असतात, व्याकरणाचे नियम असतात. यांतल्या एकाही ठिकाणी 'नेम' बसत नाही. 'नियम पाळा' अशी पाटी भिंतीवर लागते; 'नेम पाळा' अशी पाटी मी कुठे पाहिलेली नाही. नियम दुसरा कुणीतरी घालून देतो. नेम माणूस आपला आपण धरतो, आणि मग तो चालवतो, राखतो, कधी चुकवतो. चातुर्मासात मौनाने जेवायचा नेम, एकभुक्त राहायचा नेम, रोज गाईला घास द्यायचा नेम. यातला एकही घरातल्या बाईला कुणी लावून दिलेला नसतो. तिने तो धरलेला असतो.

आमच्या लहानपणी आळीत पिठाची गिरणी होती. गिरणीवाले काका माळकरी. संध्याकाळी सात वाजले की ते पट्टा थांबवत. कानात घुमणारा आवाज एकदम बंद व्हायचा आणि मग रांगेतल्या डब्यांवर पीठ बसताना दिसायचं. काका पंचाने भुवया झटकत, हात-पाय धुऊन कोपऱ्यात बसत आणि हरिपाठ म्हणत. कुणी घाई केली तर म्हणायचे, "ताई, डबा ठेवून जा. नेम झाला की दळून ठेवतो." दाराबाहेर आम्ही पोरं चिंचेवर दगड मारत असायचो आणि आमच्याही तोंडात तोच शब्द: "नेम चुकला!" एकदा काकांच्या घरी कुणी आजारी होतं आणि ते गिरणीत उशिरा पोचले. कुलूप काढता काढता आईला म्हणाले, "आज नेम चुकला, वहिनी." तेव्हा मी खरोखर समजलो होतो की काकांनीही कुठेतरी दगड मारला होता.

ही समजूत अगदीच पोरकट नव्हती. नेम म्हणजे रोजचा पाळायचा क्रम आणि नेम म्हणजे लक्ष्यावर रोखलेली नजर, हे दोन्ही अर्थ मराठीने एकाच शब्दात ठेवलेत. तिसरा अर्थ खात्रीचा: "पावसाचा काही नेम नाही." नेमणे, नेमणूक, नेमका, नेमस्त हे सगळे याच घरचे. 'जीवन-नियम' म्हटलं की यातलं काहीच सोबत येत नाही. समोर येते ती छापील नियमावली.

आता 'रूल'च्या मूळ लॅटिन शब्दाकडे बघा. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठासाठी जी ७३ प्रकरणांची संहिता लिहिली, तिला 'रेगुला' म्हणतात. रेगुला म्हणजे सरळ पट्टी, जिच्या कडेने रेघ ओढायची ती. दिवसातून सात वेळा आणि रात्री एकदा प्रार्थना, मधल्या वेळात अंगमेहनत आणि वाचन, असा तो क्रम. वरवर कडक वाटतो. पण त्यातच असंही सांगितलंय की रात्रीच्या प्रार्थनेचा सुरुवातीचा एक भाग मुद्दाम संथ, लांबवून म्हणावा, म्हणजे उशीर झालेल्यालाही येऊन पोचता येईल. आणि कामासाठी जे लांब गेले असतील, त्यांनी वेळ झाली की आहेत तिथेच गुडघे टेकून प्रार्थना करावी. हे दुसरं वाचलं तेव्हा मला थांबलेला पट्टाच आठवला. जागा बदलली तरी वेळ सोडायची नाही, याला मराठीत नेम सोडून दुसरा शब्द नाही.

राहिला माणसाचा शब्द. मठाशी रीतसर जोडले जाऊन घरीच राहणाऱ्या अशा भक्तांना बेनेडिक्टच्या परंपरेत 'ऑब्लेट' म्हणतात, म्हणजे अर्पिलेला. याचं 'देवाला वाहिलेला' असं भाषांतर करायचा मोह होईल, पण जपून. आपल्याकडे 'देवाला सोडलेली' म्हटलं की जेजुरीची मुरळी डोळ्यांपुढे येते, आईबापांनी नवसापोटी खंडोबाला दिलेली. (बेनेडिक्टच्या संहितेतही आईबापांनी मठाला दिलेल्या मुलांसाठी एक प्रकरण आहे, म्हणजे ही सावली मूळ शब्दावरही आहे.) आजचा ऑब्लेट स्वखुशीने येतो. संस्थेशी नातं सांगायचं असेल तिथे 'ऑब्लेट'च ठेवा, एकदा खुलासा करा आणि पुढे चला. जैनांचा 'श्रावक', बौद्धांचा 'उपासक', किंवा महानुभाव पंथातला गृहस्थ अनुयायी तो 'वासनिक', हे शब्द सुंदर आहेत, पण प्रत्येकाचं घर ठरलेलं आहे. उसने घेऊ नयेत.

कुठल्याच मठाशी नातं नसलेला, नुसता आपला क्रम पाळणारा माणूस असेल तर 'नेमाचा माणूस' म्हणा. वारकऱ्यांत 'नेमाची वारी' म्हणतात, त्याच चालीवर. वारकरी, माळकरी, टाळकरी यांच्या ओळीत 'नेमकरी'ही सहज बसेल.

क्रियापदं मात्र सांभाळा. नेम 'फॉलो करायचा' नसतो आणि 'अंमलात आणायचा'ही नसतो. तुमच्या लेखातलं एखादं वाक्य मी असं लिहीन: "ती बँकेत नोकरी करते, आणि गेली काही वर्षं तिने पहाटेच्या मौनाचा नेम धरला आहे."